खुर्ची सोडली, घर सोडवेना!

इन्फोसिसच्या संचालक मंडळाने २०२२ साली मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना ३१ मार्च २०२७ पर्यंत मुदतवाढ दिली, तेव्हा त्या कंपनीच्या कारभाराची घडी आता कायमची बसली, असे पुष्कळांनी मानले. घडी बसली हे खरे. परंतु मुदत म्हटली की ती केव्हा तरी संपायचीच, आणि या कंपनीत वरची खुर्ची रिकामी होण्याची वेळ आली की एक जुना प्रश्न माजघरातून उठून ओसरीवर येतो. ही कंपनी चालवायची कोणी? जिने-ज्याने ती काढली त्यांनी, की ज्यांना भागधारकांनी कायद्याने नेमले आहे त्यांनी? हा प्रश्न २०१३ साली एकदा उठला; २०१७ साली त्याने भर चव्हाट्यावर गोंधळ मांडला; आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एका कंपनीच्या खुर्च्यांची अदलाबदल हा वृत्तपत्राच्या पहिल्या पानाचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, आहे. आयुर्विमा महामंडळ हे या कंपनीच्या मोठ्या भागधारकांपैकी एक आहे. म्हणजे विम्याचा हप्ता नेमाने भरणारा शिक्षक किंवा बँकेतला कारकून हा नकळत या कंपनीचा अल्पस्वल्प मालकच झालेला आहे. पुण्याच्या हिंजवडीत या कंपनीचा केवढा पसारा आहे, हे रोज सकाळी तिकडच्या रस्त्यांवर खोळंबणाऱ्या माणसाला सांगावयास नको. २०१७ साली कंपनीत सुमारे दोन लाख माणसे काम करीत होती. इतक्यांच्या चुली जिथल्या निर्णयांवर अवलंबून आहेत, तो मामला ‘आमच्या घरातला’ म्हणून झाकून ठेवता येत नाही.

आणि मुळात हे घर पुण्यातच उभे राहिले. २ जुलै १९८१ रोजी पुण्यात या कंपनीची नोंदणी झाली. पटणी कंपनीतून बाहेर पडलेले सात अभियंते, आणि भांडवल म्हणून नारायण मूर्तींच्या पत्नी सुधा मूर्ती यांनी साठविलेले दहा हजार रुपये, एवढ्यावर हा संसार सुरू झाला. दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, बिऱ्हाड बंगळूरला गेले. (पुण्याने जन्म द्यावा आणि वाढदिवस मात्र दुसऱ्या गावी साजरे व्हावेत, याची हळहळ करीत बसण्याचे हे स्थळ नव्हे.) १९९३ साली कंपनीने ९५ रुपये दराने भाग विक्रीस काढले तेव्हा ते पुरते खपलेसुद्धा नव्हते. पुढे सहा वर्षांनी हीच कंपनी अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात नोंदली गेलेली पहिली भारतीय कंपनी ठरली. आपल्याकडच्या मध्यमवर्गाला या कंपनीविषयी जो जिव्हाळा वाटला, तो मात्र केवळ नफ्याच्या आकड्यांमुळे नव्हे. वडिलार्जित पेढी नाही, मंत्र्यांच्या उंबरठ्यावर झिजविलेले जोडे नाहीत, काळ्या पैशाचा हिशेब नाही, अशा रीतीने या देशात पैसा मिळविता येतो, हे या सात जणांनी दाखवून दिले. त्यांनी कंपनीचे भाग नोकरांना वाटले. साठाव्या वर्षी कार्यकारी पद सोडण्याचा नियम मूर्तींनी २००६ मध्ये स्वतः पाळला. संस्थापकांच्या मुलाबाळांनी कंपनीत यावयाचे नाही, असाही दंडक होता. कंपन्यांचा कारभार कसा स्वच्छ असावा, हे सांगण्यासाठी सेबीने २००३ साली जी समिती नेमलेली होती, तिचे अध्यक्षही मूर्तीच होते. इतरांनी शिकावे असा हा धडा होता. म्हणूनच पुढे जे घडले ते अधिक लागले.

पहिली एकवीस वर्षे मूर्ती स्वतः प्रमुख होते. मग २००२ ते २००७ नंदन निलेकणी, त्यानंतर २०११ पर्यंत गोपालकृष्णन, आणि २०१४ पर्यंत शिबुलाल. गादी फिरली, पण फिरली ती सातांच्याच पंगतीत. तेहतीस वर्षे बाहेरच्या माणसाला पाटच मांडला गेला नाही. सातांपैकी प्रत्येकाची पाळी यावी, हे मैत्रीच्या दृष्टीने रास्त असेल. दुसऱ्या फळीतल्या कर्तबगार माणसाच्या दृष्टीने ते खचितच रास्त नव्हते. शिबुलाल यांच्या काळात वाढीचा वेग मंदावला, कॉग्निझंट कंपनी २०१२ मध्ये पुढे निघून गेली, आणि संचालक मंडळाने धाव घेतली ती कोणाकडे? १ जून २०१३ रोजी, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या मूर्तींना पुन्हा कार्यकारी अध्यक्ष म्हणून बोलावण्यात आले. ते आले आणि स्वतःच्या कार्यालयात साहाय्यक म्हणून त्यांनी चिरंजीवांना आणले. चिरंजीवांनी वर्षाला एक रुपया पगार घेतला, हे सांगितले पाहिजे. परंतु दंडक मोडला तो मोडलाच. त्याला रुपयाचे पांघरूण पुरत नाही. त्या एका वर्षात अशोक वेमुरी गेले, बालकृष्णन गेले, बी. जी. श्रीनिवास गेले. ज्यांच्याकडे उद्याचे प्रमुख म्हणून पाहिले जात होते, ते एकामागून एक बाहेर पडले.

अशा रिकाम्या झालेल्या घरात १ ऑगस्ट २०१४ रोजी विशाल सिक्का आले. ते संस्थापक नसलेले पहिले प्रमुख. त्यांनी जर्मनीच्या सॅप कंपनीत मोठे नाव कमावलेले होते, आणि राहायचे ते कॅलिफोर्नियात. २०२० सालापर्यंत उत्पन्न २० अब्ज डॉलरांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यांनी जाहीर केले. (२०२४-२५ सालीही हा आकडा १९.३ अब्जांवरच थांबलेला होता. तेव्हा उद्दिष्ट किती दमदार होते हे कळावे.) तरीही तीन वर्षांत त्यांनी उत्पन्न सव्वाआठ अब्जांवरून १०.२ अब्जांवर नेले, ही काही अगदीच टाकाऊ कामगिरी नव्हे.

मग वादाला तोंड कोठे फुटले? तीन गोष्टींवरून. २०१५ मध्ये पनाया नावाची इस्रायली कंपनी २० कोटी डॉलरांना घेतली, ती किंमत वाजवी होती काय? अर्थविभागाचे प्रमुख राजीव बन्सल नोकरी सोडून गेले तेव्हा त्यांना १७ कोटी ३८ लाख रुपये देण्याचे कंपनीने का कबूल केले? आणि वरिष्ठांचे पगार एवढे का वाढविले? एप्रिल २०१७ मध्ये प्रवीण राव यांच्या पगारवाढीवर मूर्तींनी वृत्तपत्रांकडे पत्र धाडून उघड नापसंती दर्शविली. सामान्य नोकराला सहा-आठ टक्के वाढ मिळत असताना वरच्या माणसाला साठ-सत्तर टक्के देणे उचित नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. मुद्दा खोटा होता असे कोण म्हणेल? पगारवाढीविषयी हीच भावना हिंजवडीतल्या हजारो मुलामुलींची असणार.

परंतु मुद्दा खरा असणे ही एक गोष्ट, आणि तो कोठे मांडावा ही दुसरी. संस्थापकांच्या कुटुंबांकडे मिळून सुमारे पावणेतेरा टक्के भाग होते. एवढ्या भागांचा धनी सभेत उभा राहून ठराव आणू शकतो, मतदान मागू शकतो, संचालक बदलण्याची मागणी करू शकतो. हे मार्ग बाजूला ठेवून महिनोन्‌महिने पत्रे आणि मुलाखती यांचा मारा सुरू राहिला. किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या कमरेला अडकवायचा आणि ओसरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला घरातल्या दुधाचे माप सांगायचे, यातलाच हा प्रकार झाला. १८ ऑगस्ट २०१७ रोजी सिक्कांनी राजीनामा दिला. त्या एका दिवसात कंपनीच्या भागाची किंमत सुमारे दहा टक्क्यांनी कोसळली. संचालक मंडळाने झाल्या प्रकाराचा दोष उघडपणे मूर्तींच्या माथी मारला. आणि सहाच दिवसांनी ते मंडळही विस्कटले. अध्यक्ष शेषशायी गेले, आणखी दोन संचालक गेले, सहअध्यक्षांनी ते पद सोडले, आणि निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले. ज्यांच्या पगारवाढीवर आक्षेप होता त्या प्रवीण रावांकडेच मधल्या काळासाठी कारभार सोपवावा लागला!

संचालक मंडळालाही आम्ही दोषमुक्त करीत नाही. पनायाच्या व्यवहाराची चौकशी वकिलांकडून करविली, त्यात काही गैर आढळले नाही असे जाहीर केले, आणि अहवाल मात्र कुलपात ठेवला. सारांश प्रसिद्ध करायचा आणि मूळ दाखवायचे नाही, म्हणजे संशयाला घरबसल्या खुराक देणे. संपूर्ण अहवाल जगापुढे ठेवा, ही मूर्तींची मागणी रास्त होती, आणि ती वेळीच मान्य झाली असती तर कदाचित पुढचे रामायण टळले असते. गंमत अशी की निलेकणींच्या अध्यक्षतेखालील मंडळानेही ऑक्टोबर २०१७ मध्ये गैरप्रकार आढळला नसल्याचा तोच निर्वाळा दिला आणि पूर्ण अहवाल प्रसिद्ध करण्यास तोच नकार दिला. मूर्तींनी निराशा व्यक्त केली, आपले प्रश्न अनुत्तरित राहिल्याचे सांगितले. बन्सल यांच्या बाबतीत तर २०१८ मध्ये लवादाने उरलेले १२ कोटी १७ लाख रुपये व्याजासह देण्याचा हुकूम कंपनीलाच केला. म्हणजे एक प्रमुख गेला, अध्यक्ष गेला, भागधारकांचे हजारो कोटी एका दिवसात आटले, आणि प्रश्न होते तेथेच राहिले.

यापुढची एक घटना ताडून पाहण्यासारखी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये काही निनावी नोकरांनी पारेख आणि अर्थप्रमुख निलांजन रॉय यांच्यावर हिशेबातील लबाडीचे आरोप केले. ऑक्टोबरमध्ये ती गोष्ट फुटली आणि भागाची किंमत एका दिवसात सोळा टक्क्यांनी घसरली; म्हणजे सिक्का गेले त्या दिवसापेक्षाही अधिक. यावेळी लेखापरीक्षण समितीने बाहेरच्या तज्ज्ञांकरवी चौकशी केली, आणि आरोपांना पुरावा नाही हा निष्कर्ष १० जानेवारी २०२० रोजी जाहीर केला. कोणाला खुर्ची सोडावी लागली नाही. आरोप त्याहून गंभीर, घसरण त्याहून मोठी, तरी घर उभे राहिले! याचे श्रेय समितीला द्यावयाचे की अध्यक्षाच्या खुर्चीवर संस्थापकांपैकीच एक जण बसला होता आणि म्हणून ओसरी शांत होती, असे म्हणावयाचे? आम्हांला दुसऱ्या कारणाचा भाग मोठा वाटतो. आणि म्हणूनच आम्ही निर्धास्त नाही.

हा रोग एकट्या इन्फोसिसला जडलेला नाही. २४ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईत टाटा सन्सने सायरस मिस्त्रींना दूर केले, तो तंटा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील निकालापर्यंत चालला. मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स यांनी २००० साली प्रमुखपद सोडले. अध्यक्षपद सोडायला त्यांना आणखी चौदा वर्षे लागली आणि संचालक मंडळ सोडायला वीस. परंतु सत्या नडेला यांच्या हाती कारभार गेल्यावर गेट्स यांनी वर्तमानपत्रांतून त्यांचा पाणउतारा केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

इन्फोसिसच्या दुसऱ्या फळीकडे मात्र पुन्हा पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२२ मध्ये रवी कुमार गेले आणि कॉग्निझंटचे प्रमुख झाले. मार्च २०२३ मध्ये मोहित जोशींनी राजीनामा दिला. ते टेक महिंद्राचे प्रमुख झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉय यांचाही राजीनामा आला. आपल्याकडे वाढलेली माणसे शेजारच्या घरी कर्ती होतात, हे गौरवाचे म्हणावे तर ती येथे का राहिली नाहीत, याचेही उत्तर द्यावे लागेल.

डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीच्या चाळिशीचा समारंभ बंगळूरला झाला. तेथे मूर्तींनी, संस्थापकांच्या मुलांना कंपनीची दारे बंद करण्याचा आपला जुना विचार चुकीचा होता, असे सांगून टाकले. त्याच समारंभात निलेकणींनी मात्र, आपण जाऊ तेव्हा अध्यक्षपद संस्थापकांपैकी नसलेल्या व्यक्तीकडे सोपवू, असा शब्द दिला. एकाच व्यासपीठावर एकाच दिवशी या दोन गोष्टी बोलल्या गेल्या, आणि त्यांचे तोंड दोन दिशांना आहे. आमचा कौल निलेकणींच्या शब्दाला आहे. पण समारंभातला शब्द हा ठराव नव्हे. तो सभेच्या इतिवृत्तात यावा, त्याला तारीख लागावी, आणि नव्या प्रमुखाचा शोध कोण व कोणत्या कसोटीवर घेणार हे भागधारकांना आधी कळावे. आयुर्विमा महामंडळाने आपल्या वजनाचा उपयोग येथे करावा. आणि ज्यांच्यापाशी या कंपनीचा एकच भाग आहे, त्यांनाही वार्षिक सभेत उभे राहून हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. त्यांनी तो येत्या सभेत विचारावा.