बांध फुटला की फोडला?

समुद्राला मागे रेटून जमीन मिळवणे हा पराक्रम आणि मिळवलेली जमीन त्याला परत देणे हा पराभव, असे आपण पिढ्यान् पिढ्या मानत आलो आहोत. इंग्लंडने मात्र असा ‘पराभव’ पैसे मोजून पत्करला आहे. ससेक्सच्या किनाऱ्यावर सेल्सी गावाजवळ मेडमेरी हा सखल भाग आहे. तेथील गोट्यांचा बांध दर हिवाळ्यात डागडुजी करून उभा ठेवावा लागे. २००८ साली तो फुटला आणि मोठे नुकसान झाले. तेव्हा सरकारी यंत्रणेने किनाऱ्यापासून आत सुमारे सात किलोमीटर लांबीचा नवा मातीचा बांध घातला आणि सप्टेंबर २०१३ मध्ये जुना बांध स्वतःच्या हाताने फोडला. मधल्या १८३ हेक्टरांवर आता भरती-ओहोटी खेळते. खर्च आला सुमारे २ कोटी ८० लाख पौंड. पुढच्याच हिवाळ्यात भयंकर वादळे झाली, पण नव्या बांधामागची घरे सुरक्षित राहिली.

यात चमत्कार नाही. खाजणातले गवत आणि आपल्याकडची खारफुटी लाटेचा जोर मोडतात. भरतीबरोबर आलेला गाळ मुळांशी अडकतो आणि जमीन हळूहळू वर चढते. बांधाआडच्या जमिनीला हा गाळ मिळत नाही. ती सुकते, दबते, खाली जाते. बाहेर समुद्र चढतो आणि आत शेत खचते. १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली आणि आता वाढीचा वेग पूर्वीहून जास्त आहे. नुसता बांध उंच करत राहणे हा या शर्यतीतला कायमचा उपाय नव्हे.

मेडमेरीची ही हकीकत आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. मी ती ऐकतो तेव्हा मला पेण-अलिबागचा खारेपाट आठवतो. बांध तेथेही फुटतात. उधाणाच्या पाण्याने खांडी पडतात, उघाडीची दारे निकामी होतात, भातखाचरात खारे पाणी शिरते. दुरुस्ती लांबली की दोन-चार वर्षांत त्याच खाचरात तिवरांची रोपे डोके वर काढतात. मग कायदा येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आणि खासगी जमिनीवरील खारफुटीलाही संरक्षण दिले. निकाल योग्यच होता. पण सातबारा ज्याच्या नावावर आहे, त्याच्या हाती काय उरले? भात नाही, जमिनीची किंमत नाही आणि तिवरांना हात लावायची सोय नाही.

निसर्गाच्या दृष्टीने दोन्हीकडे घडले ते एकच. तिकडे आधी निर्णय झाला, गावाभोवती नवा बांध पडला, मग पाणी आत आले. इकडे पाणी आधी आले. निर्णय अजून व्हायचा आहे. तिकडची ती योजना, इकडची ती हेळसांड.

मी खारफुटीच्याच बाजूचा आहे. म्हणूनच सांगतो, शेतकऱ्याच्या डोक्यावरून आलेले जंगल टिकणार नाही. ज्या भागातल्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे चरीच्या संपात जमिनी पडीक ठेवून पिकावरचा हक्क मागितला, तेथे जमीन ही केवळ नकाशावरची रेघ नाही. पूर्वी बांध गावकरी मिळून राखत. पुढे १९४८ आणि १९७९ च्या खारभूमी कायद्यांनी ती जबाबदारी मोठ्या प्रमाणावर सरकारकडे गेली. जबाबदारी घेणाऱ्यानेच आता उत्तर दिले पाहिजे.

उत्तर म्हणजे काय? प्रत्येक खारभूमी योजनेची गावनिहाय पाहणी करा. कोणता बांध राखायचा आणि कोठे मागे सरायचे, हे ग्रामसभेसमोर ठरवा. जेथे मागे सरायचे तेथे वस्तीलगत नवा बांध आधी घाला. समुद्राला दिलेल्या जमिनीचा मोबदला द्या किंवा वार्षिक भाडे द्या. ती गावाचे रक्षण करते, मग तिला मजुरी का नको? खेकडे आणि मत्स्यपालनासाठी राज्याची कांदळवन उपजीविका योजना २०१७ पासून आहे. जिताड्याचे नाव काढताच ज्या मुलखाच्या तोंडाला पाणी सुटते, तेथे ती या शेतकऱ्यांपर्यंत पोचवणे अशक्य नाही. केंद्राने २०२३ मध्ये ‘मिष्टी’ योजनेखाली ५४० चौरस किलोमीटरवर खारफुटीचे उद्दिष्ट जाहीर केले. रोपांची संख्या मोजण्यापेक्षा पाण्याला वाट द्या. वाट नीट असली की तिवरांचे बी भरतीबरोबर आपोआप येते, हे खारेपाटातली पडीक खाचरे दाखवतच आहेत.

इंग्लंड श्रीमंत, आपल्याला हे कसे परवडणार, असे कोणी म्हणेल. आपली शेते लहान आणि माणसे जास्त, हे खरेच. पण आजही किंमत चुकवली जातेच आहे. फक्त ती एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जाते. समुद्र वर चढताना कोणाची संमती विचारणार नाही. सरकारने ती विचारली पाहिजे, आणि तीही पुढच्या उधाणाच्या आत.