मुक्काम वाळूवर की खाडीवर? सागरी महामार्गाच्या सहलीचा चुकलेला नकाशा

१/
दिवाळीची सुट्टी जवळ आली की मुंबई-पुण्याकडील तरुण इतिहासप्रेमींच्या गटांत कोकणच्या किनारी प्रवासाचा एकच आराखडा फिरू लागतो. पहिली रात्र अलिबाग, दुसरी गणपतीपुळे, तिसरी तारकर्ली आणि चौथ्या दिवशी गोवा. मधल्या वेळेत जंजिरा ‘करायचा’, सुवर्णदुर्ग हर्ण्याच्या रस्त्यावरून पाहायचा, विजयदुर्गाला अर्धा तास द्यायचा. या आराखड्यात किल्ले आहेत, देवळे आहेत, मासळीची थाळीही आहे. कोकणचा इतिहास मात्र त्यातून निसटला आहे.

२/
विधान कठोर आहे. पण त्याचे कारण साधे आहे. आजचा प्रवासी रात्रीचा मुक्काम वाळू पाहून ठरवतो आणि कोकणचा इतिहास घडला तो खाड्यांवर. पुळणीवर सूर्यास्त सुंदर दिसतो. पण तेथे जहाज लागत नाही, जकात गोळा होत नाही, वखार उभी राहत नाही. मुक्काम कोठे पडतो यावर प्रवाशाला काय दिसते हे ठरते. म्हणून मुक्कामाचा प्रश्न हा इतिहासाच्या आकलनाचा प्रश्न आहे.

३/
प्रथम भूगोल. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या थोडेच अंतर कापून समुद्राला मिळतात आणि भरतीचे पाणी त्यांच्या पात्रांतून आत शिरते. खाडीच्या मुखाशी बंदर, आत नदीवर बाजारपेठ, त्यापुढे घाट आणि घाटावर देश, अशी ही साखळी आहे. दाभोळ, चिपळूण, कुंभार्ली घाट, कऱ्हाड. बाणकोट, महाड, वरंध घाट. जैतापूर, राजापूर, अणुस्कुरा घाट. कोकणच्या इतिहासाच्या रेषा पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात.

४/
सागरी महामार्ग मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे धावतो. रेवस ते रेडी असा किनाऱ्याला लगटून जाणारा रस्ता ही कल्पना अलीकडची. सावित्रीकाठच्या आंबेतचे बॅ. अ. र. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना तिला खरी चालना मिळाली. या रस्त्याने जाणारा प्रवासी इतिहासाची प्रत्येक रेषा ओलांडतो आणि एकीच्याही मागे जात नाही. त्याला थांबवू शकते ती फक्त रात्र. म्हणून ती कोठे घालवायची हे विचारपूर्वक ठरवले पाहिजे.

५/
‘पूर्वीही लोक किनाऱ्यानेच जात असत’ हा युक्तिवाद येथे टिकत नाही. पूर्वी उत्तर-दक्षिण प्रवास होई तो पाण्यावरून. विसाव्या शतकातही मुंबईहून निघालेली आगबोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत गोव्याकडे जाई. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई. पावसाळ्यात ही वाहतूक बंद राही.

६/
बंदरांची ही यादी आजच्या सहलीच्या आराखड्याशेजारी ठेवून पाहावी. चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी ज्या धक्क्यांवर रात्री काढल्या, त्यांपैकी एकही नाव मुक्कामांच्या रकान्यात नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजचा प्रवासी सहलीची सुरुवात त्याच रेवसजवळून करतो आणि त्याच्या गटात या घटनेचा उल्लेखही होत नाही. धक्का नकाशातून गेला, त्याबरोबर धक्क्याची आठवणही गेली.

७/
आता किल्ल्यांकडे वळू. जयगड शास्त्रीच्या मुखाशी आहे, विजयदुर्ग वाघोटणच्या, बाणकोट सावित्रीच्या, तेरेखोल त्याच नावाच्या नदीच्या. या जागा सुंदर देखाव्यासाठी निवडलेल्या नाहीत. खाडीत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर नजर ठेवणे आणि त्याच्याकडून जकात घेणे हे त्यांचे काम. किल्ला म्हणजे बंदराचे कुलूप. बंदर न पाहता किल्ला पाहणारा माणूस कुलूप पाहून परततो. आत काय होते हे त्याला कळत नाही.

८/
मुक्कामाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा समुद्रच देतो. भरती आणि ओहोटी यांत सुमारे सव्वासहा तासांचे अंतर असते. अर्धा तास थांबणाऱ्याला पाण्याची एकच अवस्था दिसते. जी खाडी भरतीला अथांग भासते, तिच्यातील वाळूचे दांडे ओहोटीला उघडे पडतात आणि गलबतांना वाट का शोधावी लागे ते उमगते. संध्याकाळ आणि सकाळ दोन्ही एकाच गावी काढल्याखेरीज हे दिसणार नाही. शंभर पानांचे वाचन जे सांगते, ते खाडी एका रात्रीत दाखवते.

९/
येथे कोळ्यांचे जुने गणित उपयोगी पडते. तिथीची पाऊणपट केली की मुंबईजवळच्या किनाऱ्यावर पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. अष्टमीची भरती सौम्य, पौर्णिमा-अमावास्येची मोठी. आणि गोव्याकडे जाताना भरती-ओहोटीतील हा चढउतार कमी होत जातो. सहलीच्या तारखा हॉटेलच्या सवलतींऐवजी पंचांग पाहून ठरवणारा इतिहासप्रेमी निराळेच कोकण पाहील.

१०/ पहिला मुक्काम: चौल-रेवदंडा
‘पेरिप्लस’मध्ये येणारे ‘सेमिल्ला’ ते हेच, आणि दहाव्या शतकात अल-मसूदीने वर्णिलेले ‘सैमूर’ही हेच. १४७० च्या सुमारास रशियन व्यापारी अफानासी निकितिन एक घोडा घेऊन येथे उतरला आणि पालीमार्गे जुन्नरला गेला. पावसाने त्याला तेथे अडकवून ठेवले. रेवदंड्यात आज त्याचे स्मारक आहे. अलिबागहून हे गाव अगदी जवळ. म्हणूनच ते ‘जाता जाता’ उरकले जाते. समोरच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीज वळणाची एक स्वतंत्र बोली बोलली जाते.

११/ दुसरा मुक्काम: श्रीवर्धन किंवा वेळास
सावित्रीच्या मुखाच्या उत्तरेला श्रीवर्धन, पेशव्यांचे मूळ गाव; दक्षिणेला वेळास, नाना फडणीसांचे गाव. या दोहोंच्या मधला बाणकोट १७५६ च्या तहाने पेशव्यांनी इंग्रजांना दिला आणि त्याचा ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. ज्या खाडीच्या काठावरून मराठी राज्याचे कारभारी आले, त्याच खाडीचे मुख परक्यांच्या हाती गेले. हरिहरेश्वराचे दर्शन घेऊन तासाभरात निघणाऱ्याला या विरोधाभासाचा पत्ताही लागत नाही.

१२/ तिसरा मुक्काम: दाभोळ
मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सूडाने पेटलेला बाप दिवकडे जाताना दाभोळवर उतरला आणि त्याने हे समृद्ध बंदर जाळले. पहिला आणि तिसरा मुक्काम असे एका धाग्याने बांधलेले आहेत. निकितिननेही परतीचे जहाज दाभोळलाच धरले. आज तेथे सतराव्या शतकातील देखणी मशीद पाण्याकाठी उभी आहे आणि बहुतेक गाड्या फेरीबोटीच्या रांगेतूनच तिच्याकडे पाहतात.

१३/ चौथा मुक्काम: राजापूर
हे गाव समुद्रावर नाही, हीच त्याची थोरवी. अर्जुना नदीतून गलबते येथवर येत आणि घाटावरचा माल येथे उतरे. इंग्रजांची वखार येथे होती. १६६० मध्ये या वखारीतील लोक पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला दारूगोळा घेऊन गेले. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर घेतले आणि वखारवाल्यांना कैद केले. पन्हाळ्याचा वेढा तोंडपाठ असणारे किती तरुण राजापुरात एक रात्र राहिले आहेत? आता गाळ साचला आहे. गलबते येत नाहीत. तो गाळ हासुद्धा इतिहासाचा दस्तऐवज आहे.

१४/ पाचवा मुक्काम: विजयदुर्ग
फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार येथे जळाले. त्यानंतरच्या तहात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे राहिला; दुसऱ्या मुक्कामाची गाठ येथे सुटते. सकाळी खाडीने वर खारेपाटणकडे जावे. तेथे मिळालेल्या, १००८ सालच्या शिलाहार राजा रट्टराजाच्या ताम्रपटात परदेशांहून येणाऱ्या जहाजांकडून घ्यावयाच्या सोन्याची नोंद आहे. किल्ल्याच्या कितीतरी आधी खाडी होती, तिचा महसूल होता.

१५/
विजयदुर्गावर घाईचा दुष्परिणामही दिसतो. ‘हेलियमचा शोध येथे लागला’ हे वाक्य प्रत्येक चित्रफितीत असते. १८६८ च्या ग्रहणाचे निरीक्षण जान्सेनने गुंटूरला केले आणि लॉकियरने त्याच वर्षी ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमध्ये वर्णपट तपासला. लॉकियर विजयदुर्गला आला तो १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचे खरे वैभव आरमाराचे आहे. त्याला उसन्या शोधाची गरज नाही. पण अर्ध्या तासाच्या भेटीत माणूस ऐकीव वाक्यच घेऊन परततो.

१६/ अखेरचा मुक्काम: मालवण किंवा वेंगुर्ले
मालवणला सिंधुदुर्ग आहे. त्याविषयी वेगळे सांगायला नको. वेंगुर्ल्याला डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. येथून डचांनी धाडलेली पत्रे शिवकाळाच्या अभ्यासात आजही साधने म्हणून वापरली जातात. तारकर्लीच्या पाठीशीही कर्लीची खाडी आहेच. प्रवासी तिला जलक्रीडेपुरतेच ओळखतो. दोष तारकर्लीचा नाही, पाहण्याच्या सवयीचा आहे.

१७/
आक्षेप पहिला: या गावांत सोयी नाहीत. आक्षेप अंशतः खरा आहे. दाभोळ-राजापुरात समुद्राकडे उघडणारी गॅलरी मिळणार नाही. पण किनाऱ्यावरील घरगुती निवास आणि खानावळ ही काल निघालेली टूम नाही. हिंदुस्थानात परदेशी व्यापारी उतारघरांत राहतात आणि तेथे बायका त्यांना रांधून वाढतात, असे निकितिननेच नोंदवले आहे. शिवाय मुक्कामाला माणसे आली तरच सोयी उभ्या राहतात. जे गाव कोणी निवडतच नाही, त्याने खोल्या कोणासाठी बांधाव्यात?

१८/
आक्षेप दुसरा: एवढे दिवस नाहीत. मग अंतर कमी करावे. किनाऱ्याने अलिबागहून गणपतीपुळ्याला एका दिवसात पोचायचे तर आगरदांडा, बागमांडले, दाभोळ आणि तवसाळ अशा चार ठिकाणी फेरीबोटीची वाट पाहावी लागते. म्हणून बहुतेक जण मुंबई-गोवा महामार्ग धरतात आणि ‘किनारी सहल’ डोंगरातून करतात. तीन दिवस असतील तर चौल ते दाभोळ एवढेच करावे. गणपतीपुळ्याला भक्तिभावाने जाणाऱ्याचा मार्ग निराळा आणि तो आदरणीय आहे; येथे वाद आहे तो इतिहासाच्या नावाने निघालेल्यांशी.

१९/
हा वाद आजच घालण्याचे कारण आहे. या मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले आहे. ते व्हावेत, रात्री रुग्णाला पलीकडे नेणाऱ्याला, रोज कॉलेजला जाणाऱ्या मुलीला पूल हवाच. त्यांच्या गरजेपुढे सहलवाल्याच्या हळवेपणाला किंमत नाही. पण आजवर शेवटची जंगलजेटी चुकली तर प्रवासी नाइलाजाने गावात राहत असे. पूल झाल्यावर तो नाइलाज संपेल. शतकानुशतके जेथे प्रत्येकाला थांबावे लागले, ते गाव अर्ध्या मिनिटात पुलाखाली मागे पडेल.

२०/
नाइलाज संपल्यावर उरते ती निवड. आगबोटी गेल्या तेव्हा मुसाकाजीचे नाव विसरले गेले. पूल आल्यावर दाभोळ-बाणकोटचे तसे होऊ द्यायचे का, हे बरेचसे प्रवासी रात्री गाडी कोठे उभी करतो यावर ठरेल. इतिहासावर प्रेम असल्याचे सांगणाऱ्याने निदान एक रात्र खाडीकाठच्या गावाला द्यावी. संध्याकाळी धक्क्यावर जावे, पाण्याची रेघ कोठवर आहे ते पाहून ठेवावे आणि पहाटे उठून ती पुन्हा पाहावी.

(धागा समाप्त)