गाणे विकत घेतले, पण ते आपले झाले का?



आपल्या वस्तीतल्या कुठल्याही घरात माळा साफ करायला काढला की एक-दोन पिशव्या हमखास निघतात. एकीत कॅसेट असतात, दुसरीत सीडी आणि व्हीसीडी. काही दीक्षाभूमीवरून येताना घेतलेल्या, काही चैत्यभूमीबाहेरच्या स्टॉलवरून आणलेल्या, काही भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी मंडळाने घेतलेल्या. घरातली मुले म्हणतात, "हे सगळं मोबाईलवर मिळतं, भंगारात देऊन टाका." आईचा हात धजत नाही. वडील म्हणतात, "पोटाला चिमटा घेऊन घेतल्यात, टाकायच्या कशा?" दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणून भावनेला क्षणभर बाजूला ठेवून हा हिशेब आज नीट मांडू या.

थाळी, फीत आणि फाईल

कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. तिच्यातली फीत लोहचुंबकाच्या तत्त्वावर चालते आणि वाजताना हेडला घासते, म्हणून दर वेळी थोडी झिजते. सीडी फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तयार केली व १९८२ साली जपानात ती विक्रीला आली. बारा सेंटिमीटर व्यासाची ती थाळी, तिच्यावर ७४ मिनिटांचे संगीत. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक खळग्यांत आवाज साठवलेला असतो आणि तो लेझरच्या किरणाने वाचला जातो. घर्षण नसल्यामुळे वाजवून ती झिजत नाही.

१९९३ साली व्हीसीडी आली. एका सिनेमाला दोन-तीन थाळ्या लागत, मध्येच उठून बदलाव्या लागत. पण तिचा प्लेअर स्वस्त होता, म्हणून गरिबाच्या घरात सिनेमा आला तो तिच्यामुळे. १९९६ पासूनच्या डीव्हीडीत ४.७ जीबी जागा असते, त्यामुळे एका थाळीत अख्खा सिनेमा मावू लागला. आपल्याकडे मोझर बेअर या कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवला. पुढे हीच कंपनी कर्जात बुडाली आणि २०१८ साली तिची मालमत्ता विकून ती मोडीत काढण्याचा आदेश झाला.

याच काळात एमपीथ्री आले. सीडीवरचे चार मिनिटांचे गाणे सुमारे ४० एमबी जागा घेते. कानाला सहसा जाणवत नाही असा भाग गाळून एमपीथ्री तेच गाणे सुमारे ४ एमबीत बसवते. म्हणूनच एका थाळीत दीडशेहून अधिक गाणी मावू लागली आणि पुढे थाळीचीही गरज उरली नाही. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि गाणे थेट मोबाईलवर वाजू लागले. दुकानच घरात आले. लातूरच्या वाडीतल्या मुलाला आणि धारावीतल्या मुलाला एकाच वेळी तेच गाणे मिळते, हा लाभ लहान नाही. तो नाकारणे खुळेपणाचे होईल.

घेतले म्हणजे काय?

आता मुद्द्याचे. तुम्ही दुकानातून सीडी घेता तेव्हा ती वस्तू तुमची होते. शेजाऱ्याला ऐकायला द्या, लेकीला सासरी जाताना द्या, जुन्या बाजारात विका. दुकान बंद पडले तरी तुमच्या सीडीला काही होत नाही.

मोबाईलवरच्या ॲपचे तसे नाही. तिथे महिन्याचे पैसे भरून आपण ऐकण्याची परवानगी घेतो. पैसे थांबले की परवानगी संपली. महिना १०० रुपये धरले तर वर्षाचे १,२०० आणि पाच वर्षांचे ६,००० झाले. सहाव्या वर्षी भरणे बंद केले तर हातात एकही गाणे उरत नाही. कोणी म्हणेल, "मी तर डाउनलोड करून ठेवलंय." पण ॲपच्या आत केलेले डाउनलोड आणि स्वतःच्या हातातली फाईल यांत फरक आहे. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी वाजत राहावीत म्हणून ३० दिवसांतून एकदा तरी इंटरनेटला जोडावे लागते. ती फाईल दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाजवता येत नाही. चावी कंपनीकडे आणि कुलूप आपल्या घरात, असा तो व्यवहार आहे.

हे निव्वळ भय दाखवणे नाही, घडलेल्या गोष्टी आहेत. २००९ साली अमेरिकेत ॲमेझॉनने ग्राहकांनी विकत घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, असे कारण निघाले. पैसे परत दिले, नंतर कंपनीच्या प्रमुखाने माफीही मागितली. पण घरातल्या कपाटातून दुकानदार पुस्तक उचलून नेतो, असे कधी ऐकले होते का? २०२३ च्या डिसेंबरात सोनीने प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेर काढून टाकू, असे जाहीर केले. आरडाओरडा झाला, करार वाढला आणि तो निर्णय मागे घेतला गेला. कॅलिफोर्निया राज्याने तर यावर कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल विकताना, तो केवळ परवाना असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागते. नुसते 'विकत घ्या' असे लिहून भागत नाही.

आपल्या देशातले उदाहरण पाहा. फ्लिपकार्टने २०१२ साली 'फ्लाइट' नावाचे गाणी विकण्याचे दुकान इंटरनेटवर उघडले आणि २०१३ च्या जूनमध्ये बंद केले. मात्र ती गाणी साध्या एमपीथ्री फाईलमध्ये होती आणि घेतलेली गाणी उतरवून घ्यायला लोकांना मुदत दिली होती. ज्यांनी वेळेत उतरवून जपली त्यांच्याकडे दुकान गेल्यावरही गाणी राहिली. यातून एक गोष्ट शिकावी. डिजिटल आहे म्हणून वाईट आणि थाळी आहे म्हणून चांगली, असे ठरवण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: ही वस्तू माझ्या हातात आहे का? कुलूप नसलेली फाईल आपल्या पेन ड्राईव्हवर असेल तर ती सीडीइतकीच आपली आहे.

थाळीही अमर नाही

सीडी जपणाऱ्यांनीही फार निर्धास्त राहू नये. कंपनीने छापलेली थाळी नीट ठेवली तर अनेक वर्षे टिकते. पण मंडळाच्या पोराने संगणकावर भरून दिलेली किंवा फूटपाथवर घेतलेली भरलेली सीडी वेगळी असते. तिच्यात रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हाने, उष्णतेने विटतो. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ती काही वर्षांतच मुकी होऊ शकते. आणखी एक गैरसमज काढून टाका. आपण सीडीची चकचकीत बाजू जपतो आणि नावाच्या बाजूवर बॉलपेनने खुशाल लिहितो. खरे तर सीडीत चमकणारा थर नावाच्या बाजूलाच, अगदी पातळ लेपाखाली असतो. तिथे ओरखडा पडला तर तो दुरुस्त होत नाही.

शिवाय वाजवायचे कशावर? नव्या लॅपटॉपमध्ये सीडीचा कप्पा बहुधा नसतो. बिघडलेला प्लेअर दुरुस्त करणारा कारागीरही आता शोधावा लागतो. अमेरिकेत नेटफ्लिक्स ही कंपनी १९९८ पासून टपालाने डीव्हीडी घरपोच पाठवत होती. तिनेही २९ सप्टेंबर २०२३ रोजी ते काम थांबवले.

आणि पाणी! २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या दिवशी खोलीत छातीभर पाणी भरलेल्यांना विचारा, फोटो, दाखले, कॅसेट यांचे काय झाले ते. आपली घरे लहान, सखल जागी, कधी पुनर्वसनाच्या यादीत. एकाच पेटीत सगळे ठेवणे आपल्याला परवडणारे नाही.

मोठ्यांच्या घरीही हेच घडले आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर कितीतरी सिनेमे नष्ट झाले होते. आणि तिथेही २००३ च्या जानेवारीत आग लागून जुन्या ज्वालाग्राही फिल्मची रिळे जळाली. ज्या वस्तूची एकच प्रत आहे ती गेल्यातच जमा धरावी.

आपल्या गाण्यांचे वेगळे दुखणे

हिंदी सिनेमाच्या गाण्यांची काळजी करायला मोठ्या कंपन्या बसल्या आहेत. त्यांच्यासाठी ती कमाई आहे. आपल्या भीमगीतांचे तसे नाही. वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, शाहीर विठ्ठल उमप अशी थोर माणसे कॅसेटमुळे घराघरांत पोहोचली. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे २००४ साली गेले, उमप २०१० साली गेले. त्यांच्याबरोबर गावोगावच्या कितीतरी कवी-गायकांच्या कॅसेट लहान कंपन्यांनी काढल्या. त्यांतल्या कित्येक कंपन्या, त्यांची दुकाने आज नाहीत. नामांकितांची गाणी इंटरनेटवर कोणीतरी चढवली आहेत. परंतु तालुक्याच्या शाहिराची एकुलती एक कॅसेट कोण चढवणार? ती कदाचित तुमच्याच माळ्यावर असेल.

दुसरे असे की, कॅसेटच्या डबीत एक घडीचा कागद असतो. त्यावर कवी, गायक, संगीतकार, वादक आणि कंपनी यांची नावे छापलेली असतात. इंटरनेटवर तेच गाणे अनेकदा नुसत्या गायकाच्या नावाने फिरते, कधी तेही नसते. आपल्या कवींनी यावर फार पूर्वीच उपाय केला होता. शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. वामनदादांची गाणी याच खुणेने ओळखली जातात. पण आता मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. त्यात मुखडा असतो, शेवटचे कडवे नसते. म्हणजे कवीचे नाव नेमके कापले जाते. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने नोंदवली नाहीत, त्यांनी आपल्या कवींची नावे अशी हातची जाऊ द्यावीत का?

तर आता काय करावे?

१. काहीही भंगारात देण्याआधी यादी करा. गायक, कवी, कंपनी आणि वर्ष वहीत लिहा. कॅसेटच्या कागदाचा दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो काढा.

२. बाजारात सहज मिळणारी सिनेमाची सीडी आणि दुर्मीळ भीमगीतांची कॅसेट यांना सारखे मोल देऊ नका. घरातल्या कार्यक्रमाचे, आजोबांच्या भाषणाचे, लग्नाचे रेकॉर्डिंग असेल तर ते सर्वांत आधी घ्या. त्याची प्रत जगात दुसरीकडे कुठेही नाही.

३. कॅसेट संगणकावर घेणे अवघड नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकाला जोडायची. लॅपटॉपला तसे भोक नसेल तर यूएसबीची जोडणी मिळते. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट आहे. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतो, घाई चालत नाही. आधी हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बुरशी आलेली कॅसेट तशीच वाजवू नका, जाणकाराला दाखवा. पहिली प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवा, ऐकण्यासाठी एमपीथ्री करा.

४. फाईलला नाव द्या. 'ट्रॅक १' असे ठेवाल तर पाच वर्षांनी तुम्हालाच ओळखू येणार नाही. गायक, कवी, गाण्याचे पहिले शब्द एवढे तरी घाला.

५. तीन प्रती ठेवा. एक हार्ड डिस्कवर, एक पेन ड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा उघडून पाहा. पेन ड्राईव्ह अनेक वर्षे नुसता पडून राहिला तर त्यातलेही पुसले जाऊ शकते.

६. मूळ कॅसेट आणि सीडी लगेच टाकू नका. कोरड्या जागी, उभ्या ठेवा.

आणि कायद्याचे भान ठेवा. आपण घेतलेल्या कॅसेटची प्रत स्वतःच्या खासगी वापरासाठी करणे वेगळे आणि तिच्या शंभर प्रती काढून विकणे वेगळे. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीचा हक्कही दिला आहे. चोरटी सीडी दहा रुपयांत घेतो तेव्हा आपल्याच कवीच्या ताटातला घास आपण काढतो. हयात शाहिराची सीडी किंवा फाईल त्याच्याकडून थेट मिळत असेल तर ती विकत घ्यावी. पैसा योग्य हातात जातो आणि वस्तूही आपली होते.

हे काम एकट्या घराचे नाही. विहारात दर रविवारी मुले जमतात. त्यांतल्या दोघा-तिघांना संगणक येतो. वस्तीतल्या कॅसेटची एक वही करा, वयस्कर माणसांना शेजारी बसवून कोणते गाणे कोणाचे, ते पहिल्यांदा कुठे गायले गेले, हे लिहून घ्या. फीत आवाज सांगेल, पण ही माहिती फक्त त्या माणसांजवळ आहे आणि तिची प्रत कुठल्याही यंत्रात नाही.

येत्या पावसाळ्याआधी निदान पिशवी माळ्यावरून खाली काढा. जयभीम.