म्हणे पुढच्या तिमाहीत येतोय!

'म्हणे' हा मराठीतला फार सोयीचा शब्द आहे. वाक्यात टाकला की बोलणाऱ्याची जबाबदारी संपली. "तिचं म्हणे ठरलंय", "त्यांनी म्हणे फ्लॅट विकला". खोटं निघालं तर मी कुठे म्हटलं होतं, लोक म्हणत होते! लग्नाच्या पंगतीत हे चालून जातं. पण नवीन प्रोसेसर कधी येणार याच्या बातम्या अख्ख्या या एका शब्दावर उभ्या असतात आणि त्या वाचून लोक आपल्या खिशातल्या पैशांचे निर्णय घेतात, तेव्हा माझं डोकं फिरतं.

कराडचा माझा मावसभाऊ लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.) त्याच्या जुन्या मशीनवर तीन तासांचा व्हिडिओ रात्रभर रेंडर व्हायचा, आणि पहाटे मशीन अडकलं की पुन्हा पहिल्यापासून. नव्यासाठी पैसे बाजूला काढलेले होते. पण "नवीन पिढी येतेय, थोडं थांबा" असं यूट्यूबवर एक जण सांगायचा, महिन्याने दुसरा सांगायचा. २०२४ ची उन्हाळ्यातली लग्नसराई त्याने त्याच डबड्यावर काढली आणि दोन ऑर्डरी हातच्या सोडल्या. त्या दोन ऑर्डरींचे पैसे कुठला 'लीक'वाला भरून देणार आहे? बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण करणाऱ्याला प्रोसेसर माहीत नव्हता, एवढंच.

बरं, या तारखा येतात कुठून तेही जरा बघा. मदरबोर्ड बनवणाऱ्यांना नमुने आधी मिळतात, तिथून काही फुटतं. कुणीतरी नमुन्यावर बेंचमार्क चालवतो आणि निकाल चुकून सगळ्यांना दिसतो. आणि एक गंमत तर आपल्याच देशातली. दहाएक वर्षांपूर्वी झौबा नावाच्या साइटवर भारतीय कस्टममधून आलेल्या मालाच्या नोंदी दिसायच्या. एएमडीची हैदराबाद आणि बंगळूरला मोठी केंद्रं आहेत, त्यामुळे चाचणीचे नमुने तिथे यायचे. नोंदीत मालाचं वर्णन आणि रुपयांत किंमत. झालं! त्या रुपयांना डॉलरने भागून साता समुद्रापलीकडचे लोक न आलेल्या कार्डाचा बाजारभाव काढत बसायचे. अहो, कस्टमच्या कागदावर लिहिलेली किंमत ती! नमुना हैदराबादला पोचला यावरून एवढंच कळतं की नमुना हैदराबादला पोचला.

कारण नमुन्यापासून दुकानापर्यंतचा रस्ता लांब आहे. सिलिकॉनच्या कोऱ्या चकतीवर थरावर थर चढवत चिप तयार व्हायलाच साधारण तीन महिने लागतात. मग तपासणी. त्यात चूक सापडली तर आराखड्यात दुरुस्ती, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच महिने. म्हणजे अमुक तारीख ज्याने 'आतून' ऐकली, त्या आतल्या माणसालाही ती धड ठाऊक नसते.

हे मी हवेत बोलत नाही. इंटेलचंच घ्या. १० नॅनोमीटरच्या चिपा आधी २०१६ च्या सुमारास अपेक्षित होत्या. २०१५ च्या जुलैत कंपनीनेच सांगितलं की आता २०१७ चा उत्तरार्ध. प्रत्यक्षात २०१८ मध्ये जो कॅनन लेक लोकांच्या हाती लागला, तो दोन कोअरचा एक लॅपटॉप प्रोसेसर, त्यातलं ग्राफिक्सही बंद केलेलं. लॅपटॉपमध्ये १० नॅनोमीटर नीट रुजलं २०१९ मध्ये आइस लेकबरोबर, आणि डेस्कटॉपवाल्यांना अल्डर लेकसाठी नोव्हेंबर २०२१ उजाडला. हा कंपनीच्या स्वतःच्या शब्दाचा हिशोब आहे. ज्याचं घर त्यालाच गृहप्रवेशाचा मुहूर्त माहीत नाही, आणि शेजारचा पत्रिका वाटतोय.

ब्रॉडवेलची कथा तर याहून भारी. तो डेस्कटॉपवर रखडत रखडत २०१५ च्या जूनमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये त्याचा पुढचा भाऊ स्कायलेक हजर! जो बिचारा ब्रॉडवेलसाठी थांबला, त्याने घ्यायचं काय आणि कधी?

एएमडीची रायझन ९००० मालिका ३१ जुलै २०२४ ला विक्रीला येणार होती. ही अफवा नव्हती, जाहीर तारीख होती. आठवडा राहिला असताना कंपनीने सांगितलं की पहिल्या खेपेचा माल आमच्या दर्जाच्या अपेक्षेला पूर्ण उतरत नाही. मग ८ आणि १५ ऑगस्ट अशा दोन तारखांना माल आला. मी याला दोष देत नाही. खराब माल विकण्यापेक्षा हे केव्हाही बरं. पण जाहीर झालेली तारीखही आठ दिवस आधी हलू शकते, तर आठ महिने आधीच्या 'म्हणे'ला काय चाटायचंय?

कंपन्या आधी गप्प का बसतात, याचं उत्तर म्हणून अ‍ॅडम ऑस्बॉर्नचं नाव हमखास घेतलं जातं. या गृहस्थांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं, आणि २००३ मध्ये ते वारले तेही कोडाईकनालला. १९८१ मध्ये त्यांनी उचलून नेता येईल असा संगणक काढला (वजन अकराएक किलो, तरी 'पोर्टेबल'!). तो धडाक्यात खपला आणि १९८३ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. का, तर म्हणे पुढच्या मॉडेलची वाच्यता आधीच केली आणि लोकांनी हातातलं घेणं थांबवलं. दिवाळं निघण्याची कारणं वेगळीच होती, असं सांगणारेही आहेत. म्हणजे या प्रकाराचा सर्वात प्रसिद्ध बळी, तोही अर्धा 'म्हणे'वरच! असो.

आता कुणी म्हणेल, नवीन आलं की जुनं स्वस्त होतं, मग थांबलं तर बिघडलं काय? काही नाही बिघडलं, जर कंपनीने तारीख आणि किंमत दोन्ही सांगितल्या असतील आणि तुमचं काम अडलेलं नसेल. बाकी त्या लीकमधल्या किमती डॉलरमध्ये, अमेरिकेच्या, कर सोडून. इथे १८ टक्के जीएसटी लागतो. त्यात पहिल्या आठवड्यांत माल मिळेलच असं नाही. रायझन ५००० नोव्हेंबर २०२० मध्ये विक्रीला आला आणि दुकानांतून लगेच गायब झाला, कित्येकांना पुढचे काही महिने हवा तो मिळाला नाही.

तेव्हा समस्त मामे-मावस-चुलत मंडळींनो, मला फोन जरूर करा. फक्त "अमुक प्रोसेसर कधी येतोय रे?" हे विचारू नका. काम काय करता, आत्ताच्या मशीनवर त्याला किती वेळ लागतो आणि खर्च किती झेपेल, हे तिन्ही आकडे हाताशी ठेवा. आणि रात्री साडेनऊनंतर.