ब्रँड नको, व्होल्ट सांगा

जळोचीत घरी ३००बीचा अँप बांधतोय. त्याला ढकलणारा ड्रायव्हर व्हॉल्व्ह कुठला घेऊ, असं विचारलं की जाणकार ‘उबदार आवाज’ आणि जुना ब्रँड सांगतात. गणित कुणीच सांगत नाही. अहो, ३००बीच्या ग्रिडला शिखराला साधारण ६५-७० व्होल्ट लागतात. माझ्या डॅकमधून तीनसुद्धा येत नाहीत. म्हणजे गेन हवा पंचवीसपट. ६एसएन७चा एक ट्रायोड जेमतेम सोळापट देतो. पण त्याच काचेत दुसरा ट्रायोड बसलाय, तो जोडा की! जास्तीचा गेन पॉटने कमी होतो.

ब्रँडच्या नादात मी चांगले आठ हजार घालवले. व्हॉल्व्ह अर्धमेला निघाला. शिवाय संध्याकाळी शेतावरच्या मोटारी सुरू झाल्या की इथे लाइटच खाली येते, हीटरला ६.३ व्होल्टसुद्धा धड मिळत नाहीत. तिथे कसला ब्रँड!