डोक्याला मार आणि पंधरा दिवसांचा अंधार

आमच्या देवरी तालुक्यात धान कापणी आटोपली की कबड्डीचे सामने रंगतात. गेल्या हिवाळ्यात चढाई करताना माझ्या भाच्याचं डोकं समोरच्या पोराच्या गुडघ्यावर आपटलं. गुण किती झाले हेही त्याला सांगता येईना. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं, "काही नाही झालं, ऊठ" म्हणालं, आणि तो पुन्हा खेळला. रात्री उलटी झाली. दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. "आराम करा," एवढंच सांगितलं गेलं.

किती आराम, हे कुणी सांगितलं नाही. आपाने मायेपोटी पडदे ओढून घेतले. पंधरा दिवस मित्र बंद, मोबाइल बंद, अंगणसुद्धा बंद. शेवटी पोरगं चिडचिडं झालं, झोप उडाली, सजद्यात डोकं खाली गेलं की गरगरायचं. म्हणून तो बसून इशाऱ्याने नमाज पढू लागला. एकदा म्हणाला, "मामू, मी आता असाच राहणार का?"

माझं म्हणणं असं की आपण दोन टोकांच्या चुका केल्या. मैदानात घाई केली आणि घरात अति केलं.

कन्कशनमध्ये मेंदू कवटीत हादरतो. स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही दिसत नाही, पण मेंदूच्या कामात बिघाड झालेला असतो. त्यामुळे त्याच दिवशी पुन्हा खेळणं धोक्याचं. 14 जानेवारी 2020 ला वानखेडेवर ऋषभ पंतच्या हेल्मेटवर चेंडू आदळला, तर नंतर यष्टिरक्षण के. एल. राहुलने केलं आणि पंत राजकोटचा पुढचा सामनाही खेळला नाही. तालुक्याच्या कबड्डीपटूचा मेंदू काही वेगळा नसतो.

पण बाहेर बसणं म्हणजे अंधारात पडून राहणं नव्हे. 2022 च्या अॅमस्टरडॅम परिषदेत जगभरच्या तज्ज्ञांनी स्पष्ट केलं की 24 ते 48 तास बेताचा आराम पुरे, मग हलका व्यायाम सुरू करावा. 2019 साली अमेरिकेतील बफेलो विद्यापीठाचे जॉन लेडी आणि सहकाऱ्यांनी 13 ते 18 वयाच्या 103 खेळाडूंवर अभ्यास केला. रोज हलका एरोबिक व्यायाम करणारी मुलं साधारण 13 दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी 17 दिवसांत.

हलका म्हणजे चालणं किंवा एका जागी ठेवलेली सायकल. त्रास किंचित वाढून तासाभरात ओसरला तर हरकत नाही. जास्त वाढला तर थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. झटापटीचा खेळ मात्र लक्षणं पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, झटके किंवा हातापायात कमजोरी असेल तर चालणं-बिलणं नाही, थेट दवाखाना.

दुसऱ्या डॉक्टरांनी हेच समजावलं. मग रोज संध्याकाळी मी आणि तो बांधीच्या धुऱ्यावरून चालू लागलो, आधी दहा मिनिटं, मग वीस. चालण्यानेच बरा झाला असा दावा मी करणार नाही. पण तिसऱ्या दिवशी तो हसला, आणि घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं होतं.

सामने भरवणाऱ्यांना एकच विनंती. डोक्याला मार लागला की पोराला त्या दिवशी बाहेर बसवा. आणि आयांनो, दोन दिवसांनी पडदे उघडा.