फुकट ते पौष्टिक?

'फुकट ते पौष्टिक' ही म्हण ज्या कोणी प्रथम प्रचारात आणली, त्याने आपल्या समाजाची नाडी अचूक ओळखली होती यात शंका नाही. दूधवाल्याने पाण्याचे प्रमाण वाढवले तर आपण त्याला धारेवर धरतो, भाजीवालीच्या तराजूकडे डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि लोकलमध्ये विनातिकीट प्रवासी पकडला गेला की 'बरे झाले' असे मनातल्या मनात म्हणतो. परंतु तेच आपण घरी किंवा कचेरीत संगणकापुढे बसलो, की दुसऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या श्रमांतून सिद्ध झालेले सॉफ्टवेअर चोरट्या वाटेने उतरवून घेताना आपल्या सदसद्विवेकबुद्धीची पापणीही लवत नाही. 'एका मित्राने टाकून दिले' एवढे म्हटले की आपण मोकळे! ज्या वस्तूला वजन नाही, वास नाही आणि जी नेल्यावर मालकाच्या घरात रिकामी जागा दिसत नाही, ती नेण्याला चोरी म्हणावयास सुशिक्षित माणूससुद्धा तयार होत नाही.

या प्रश्नाचा विचार आज आम्ही करीत आहोत, तो बड्या परदेशी कंपन्यांचा कैवार घेण्यासाठी नव्हे. त्या कामी त्यांचे वकील समर्थ आहेत. आमच्या डोळ्यांसमोर आहे तो पुण्याच्या, नाशिकच्या किंवा डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या घरात बसून, नोकरीची शाश्वती सोडून, स्वतःच्या हिमतीवर सॉफ्टवेअर रचणारा एकांडा कारागीर. गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, दवाखान्यातील रुग्णांच्या नोंदी, शाळेचे वेळापत्रक, किराणा दुकानातील माल अशा इथल्या गरजा तो जाणतो आणि इथल्या भाषेत भागवतो. त्याच्या मालाला गिऱ्हाइके हजारांत असतात, कोटींत नव्हे. बड्या कंपनीच्या शंभर प्रती चोरीस गेल्या तर तिला ओरखडाही उमटत नाही. या कारागिराच्या शंभर प्रती गेल्या तर त्याचे वर्ष बुडते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, असा हा व्यवहार आहे.

हे गाऱ्हाणे नवे नाही. १९७६ साली बिल गेट्स या तेव्हाच्या विशीतल्या तरुणाने संगणकाच्या शौकिनांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले होते. आपण व आपल्या सहकाऱ्यांनी 'अल्टेअर' संगणकासाठी बेसिक भाषेचे सॉफ्टवेअर तयार केले, पण त्या संगणकाच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी ते विकत घेतले, अशी त्याची तक्रार होती. 'पुढे तोच माणूस कुबेर झाला, मग बिघडले कुठे?' असे कोणी विचारील. बिघडते ते कुबेर न झालेल्यांचे. क्लुग आडनावाच्या दोन भावांनी चालविलेल्या एका छोट्या कंपनीने २०१३ साली 'गेम डेव्ह टायकून' हा खेळ विक्रीस काढला. किंमत होती अवघी आठ डॉलर. चोरी होणार हे ठाऊक असल्याने त्यांनी स्वतःच खेळाची थोडी बदललेली प्रत चोरबाजारात सोडून दिली. पहिल्या दिवसाचा हिशेब त्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा विकत घेऊन खेळणारे निघाले २१४ आणि त्या फुकट प्रतीवर खेळणारे ३१०४! या खेळात खेळाडूने सॉफ्टवेअरची कंपनी चालवावयाची असते. चोरट्या प्रतीत ती कंपनी चोरीमुळेच बुडेल अशी योजना भावांनी करून ठेवली होती. आपल्या खेळातील कंपनी लोकांच्या चोरीपायी बुडते, अशा तक्रारी घेऊन हेच फुकटे खेळाडू पुढे आले! दैवाने याहून मार्मिक टीका कोणती केली असती?

परंतु चोरीची याहूनही मोठी हानी सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि आमच्या वाचकांनी आज एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी आम्ही समाधान मानू. परदेशी कंपनीचे महागडे सॉफ्टवेअर चोरले, तर नुकसान त्या कंपनीचे होते अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. समजा, एखाद्या छापखान्याला पानांची जुळणी करण्यासाठी सॉफ्टवेअर हवे आहे. परदेशी सॉफ्टवेअरला वर्षाला वीस हजार रुपये पडतात. इथल्या कारागिराने केलेले, जोडाक्षरे नीट जुळविणारे सॉफ्टवेअर दोन हजारांत मिळते. सरळ व्यवहारात छापखानदार दोन हजारांचे सॉफ्टवेअर घेईल, कारागिराचा संसार चालेल आणि पुढील वर्षी तो ते अधिक चांगले करील. पण वीस हजारांची वस्तू चोरीने शून्य रुपयांत मिळू लागली, की दोन हजारांची वस्तू 'महाग' ठरते! म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली तो धनिक तरून जातो आणि ज्याच्या घराला चोराचा हातही लागला नाही तो शेजारी उपाशी मरतो. मराठीत चांगले सॉफ्टवेअर का होत नाही, असा प्रश्न साहित्य संमेलनाच्या मांडवापासून कट्ट्यावरच्या गप्पांपर्यंत सर्वत्र विचारला जातो. त्याच्या उत्तराचा एक भाग विचारणाऱ्याच्याच संगणकात दडलेला असतो.

'आम्हाला परवडत नाही' हा बचावही आता लंगडा झाला आहे. लिनक्स, लिब्रेऑफिस यांसारखे उत्तम सॉफ्टवेअर त्यांच्या निर्मात्यांनी राजीखुशीने सर्वांना मोकळे करून दिले आहे. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या चमूने 'मुक्ता'सारखा देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली उपलब्ध केला आहे. दान घ्यावयास कोणाची हरकत नाही. पण जे दान दिलेले नाही ते उचलणे म्हणजे दान घेणे नव्हे. शिवाय हे मोकळे सॉफ्टवेअरदेखील कॉपीराइटच्या पायावरच उभे आहे. कोणत्या अटींवर मोकळे करावयाचे हे ठरविण्याचा निर्मात्याचा हक्क मानला, तरच त्याच्या औदार्यालाही अर्थ राहतो.

आपला कायदा या बाबतीत मुळीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती होऊन संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतीचे संरक्षण मिळाले. म्हणजे कादंबरीकाराला जो हक्क, तोच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने ६३-ब हे कलम घातले गेले. चोरट्या प्रती विकणारा तर गुन्हेगार आहेच. पण प्रत चोरटी आहे हे ठाऊक असूनही जो ती संगणकावर वापरतो, त्यालाही या कलमान्वये किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणास्तव कैद टाळून केवळ दंड करू शकते, इतकीच काय ती सवलत. ही तरतूद आपल्यापैकी किती वकिलांच्या, डॉक्टरांच्या आणि लेखापालांच्या कचेऱ्यांत कोणी कधी मोठ्याने वाचून दाखविली असेल?

तथापि केवळ कायद्याचा बडगा दाखवून हा प्रश्न सुटेल, असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. घरोघरी पोलीस पाठवून प्रामाणिकपणा उगवत नाही, आणि दोन हजारांच्या वसुलीसाठी न्यायालयाची पायरी चढणे लहान कारागिराला परवडत नाही. त्याचे खरे हत्यार म्हणजे त्याचा परवाना-करार. सॉफ्टवेअर विकत घेणारा कॉपीराइट विकत घेत नाही, ठरलेल्या मर्यादेत ते वापरण्याची मुभा तेवढी घेतो. सर्वोच्च न्यायालयानेही २०२१ साली एका करविषयक निकालात हा भेद स्पष्ट केला आहे. ती मुभा किती आणि कोणत्या अटींवर, हे सांगणारा दस्तऐवज म्हणजे परवाना. आणि दुर्दैवाने इथेच आमचा कारागीर स्वतः घसरतो. एखाद्या बड्या परदेशी कंपनीचा वीस पानी इंग्रजी करार तो जसाच्या तसा उचलतो, नाव तेवढे बदलतो आणि आपल्या मालाला चिकटवितो. नाशिकच्या दवाखान्यासाठी केलेल्या सॉफ्टवेअरचा वाद कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात चालावा, अशी अट त्यात निघाली तर नवल नाही! चोरीविरुद्धचा करारच चोरलेला असावा, याहून मोठी विसंगती ती कोणती? जो करार लिहिणाऱ्याने वाचलेला नाही, तो घेणाऱ्याने वाचावा आणि पाळावा, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

करार कसा असावा, याचे एक जुने पण उत्तम उदाहरण आहे. १९८३ साली 'टर्बो पास्कल' हे सॉफ्टवेअर पन्नास डॉलरांच्या आत विकणाऱ्या बोर्लंड या कंपनीने त्या दशकात आपल्या गिऱ्हाइकांना अगदी साधी अट घातली. हे सॉफ्टवेअर पुस्तकासारखे समजा, एवढेच तिचे सार होते. पुस्तक घरातील कोणीही वाचावे, या खोलीतून त्या खोलीत न्यावे. पण एकच पुस्तक एकाच वेळी दोन ठिकाणी दोघांना वाचता येत नाही, तसेच हे सॉफ्टवेअर एका वेळी एकाच ठिकाणी वापरावे. शाळकरी मुलालाही कळावे इतके हे स्वच्छ होते.

आमच्या कारागिरांनीही हाच कित्ता गिरवावा. परवाना दोन पानांचा असावा, मराठीत असावा आणि पैसे भरण्यापूर्वी वाचावयास मिळावा. किती संगणकांवर चालेल, संगणक बदलला तर काय करावयाचे, सुधारित आवृत्त्या किती काळ मिळतील, पसंत न पडल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, आणि निर्मात्याने धंदा बंद केला तर गिऱ्हाइकाची माहिती त्याच्या हाती कशी पडेल, याची उत्तरे त्यात सरळ वाक्यांत असावीत. नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत ठेवण्याची मुभा कायद्यानेच गिऱ्हाइकाला दिलेली आहे. ती हिरावून घेण्याचा आव आणू नये. संपूर्णपणे एकतर्फी अटी लादणेही शहाणपणाचे नाही, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये अन्याय्य करारांविरुद्ध दाद मागता येते. आणखी एक गोष्ट. दोघा मित्रांनी मिळून प्रोग्रॅम लिहिला असेल, किंवा एखादा भाग बाहेरच्या माणसाकडून लिहून घेतला असेल, तर हक्क कोणाचा याचा लेखी कागद आधी करावा. नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेले सामान्यतः मालकाचे ठरते. पण बाहेरच्याने लिहिलेल्याचा हक्क, लेखी करार नसेल तर, बहुधा लिहिणाऱ्याकडेच राहतो. ज्याची मालकीच पक्की नाही, त्याने परवाना द्यावा तो कोणत्या अधिकाराने?

कुलपांचे काय, असे कोणी म्हणेल. कुलूप जरूर असावे; परंतु ते दाराला असावे, पाहुण्याच्या पायाला नव्हे. 'स्पोर' हा गाजलेला खेळ २००८ साली आला तेव्हा विकत घेणाऱ्याला तो तीनच संगणकांवर सुरू करता येईल, असे बंधन होते. प्रामाणिक गिऱ्हाइके खवळली, मर्यादा पाचांवर न्यावी लागली. आणि इकडे कुलूप तोडलेल्या चोरट्या प्रती राजरोस फिरतच राहिल्या. कुलपाचा जाच ज्याने पैसे मोजले त्याला, आणि मोकळीक ज्याने मोजले नाहीत त्याला! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यापेक्षा प्रतीवर घेणाऱ्याचे नाव ठळक दिसावे, महिनाभर फुकट वापरून पाहण्याची सोय असावी, किंमत माफक असावी आणि अडचणीच्या वेळी दूरध्वनी उचलणारा माणूस असावा. चोरट्या प्रतीला जे कधीच देता येणार नाही ते हेच. आपले नाव छापलेली प्रत चारचौघांत वाटताना माणूस दहादा विचार करतो, आणि ज्याने आपली अडचण रात्री नऊ वाजता सोडविली त्याला फसविताना सामान्य माणसाचा हात कचरतो.

राज्य शासनालाही येथे कर्तव्य आहे. लहान निर्मात्यांना वापरता येईल असा मराठी परवान्याचा एक नमुना विधितज्ज्ञांकडून करवून घेऊन तो सर्वांना खुला करावा. त्याला खर्च फारसा नाही, हवी आहे ती इच्छा.

परंतु शेवटचा शब्द वाचकांसाठी. पुस्तकाची चोरटी आवृत्ती पदपथावर दिसली की लेखकासाठी हळहळणारा हा वर्ग आहे. तीच हळहळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या वाट्याला का येऊ नये? येत्या रविवारी आपल्या घरातील व कचेरीतील संगणक उघडून पाहावेत. जे चोरीचे असेल ते काढून टाकावे. त्या जागी मोकळे मिळणारे घ्यावे, नाही तर रास्त किंमत मोजून इथल्या कारागिराचे घ्यावे. गृहनिर्माण संस्थेच्या पुढील सभेत हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या पावतीची मागणी करावी. दुधाचे, भाजीचे, वर्तमानपत्राचे बिल महिन्याच्या महिन्याला चुकते करणाऱ्या माणसाने बुद्धीचे बिल तेवढे बुडवावे, हे त्याच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. फुकटचे पौष्टिक वाटते खरे. पण पिकवणाऱ्याचे शेत ओसाड पडल्यावर खायचे काय, याचा विचार खाणाऱ्यानेच वेळीच केलेला बरा!